चाल कुणाची?

आंजर्ल्यात सकाळ दोनदा होते. पहिली कड्यावर, गणपतीच्या देवळातल्या घंटेबरोबर. तिथे बाराव्या शतकापासून लाकडी देऊळ होतं असं सांगतात. आजचं देऊळ १७६८ ते १७८० या काळातल्या जीर्णोद्धाराचं. कड्यावरून खाली पाहिलं की जोग नदीची खाडी, पलीकडे हर्णै बंदर आणि पाण्यात बसलेला सुवर्णदुर्ग. दुसरी सकाळ खाली होते, माडापोफळींच्या सावलीतल्या शाळेच्या पटांगणात. रांगा लागतात, बाई हात वर करतात, पुढे उभी असलेली मुलगी प्रार्थनेची सुरुवात करते आणि बाकीचे गळे तिच्या मागून धावतात. उत्साहाच्या भरात तिनं पट्टी चढी धरली असेल, तर तिसऱ्या ओळीपर्यंत मागच्या रांगेतले मुलगे गुपचूप खालच्या सुरात उतरतात. प्रार्थना मात्र मोडत नाही. ज्यानं ही चाल बांधली त्यानं हे धरूनच बांधलेलं असतं.

पण बांधली कुणी? हा प्रश्न पटांगणात कुणी विचारत नाही आणि कड्यावरही विचारत नाही. माघी उत्सवात तासभर आरत्या चालतात. टाळ, मृदंग, मध्येच एखाद्या आजोबांचा चिरका आवाज. रामदासांच्या आरतीचे शब्द रामदासांचे, हे सगळ्यांना ठाऊक. तिची चाल मात्र कुणाचीच नाही, म्हणून सगळ्यांची. कोकणात तर दर चार गावांवर आरतीचं वळण थोडं बदलतं आणि मुंबईहून आलेला चाकरमानी आपल्या गावचं वळण सोडायला तयार नसतो.

महाराष्ट्रातल्या शाळांनी गेल्या साठ-सत्तर वर्षांत ज्या प्रार्थना तोंडपाठ केल्या, त्यांतल्या दोन हिंदी प्रार्थना चित्रपटांतून आल्या. एक १९५७ सालच्या 'दो आँखें बारह हाथ'मधली 'ऐ मालिक', दुसरी १९७१च्या 'गुड्डी'मधली 'हमको मन की शक्ति'. पहिली भरत व्यासांची, दुसरी गुलजारांची. पहिली लता मंगेशकरांच्या आवाजात घराघरांत गेली, दुसरी वाणी जयराम यांच्या. इतकं निदान काही लोक सांगतील. दोन्हींची चाल एकाच माणसाची आहे आणि तो माणूस कोकणातला आहे, हे सांगणारा विरळा.

वसंत देसाई. जन्म ९ जून १९१२, कुडाळजवळचं सोनवडे गाव, तेव्हाचं सावंतवाडी संस्थान. १९४८ साली संस्थान विलीन होऊन रत्नागिरी जिल्ह्यात आलं आणि १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा झाला. म्हणजे देसाईंच्या कर्तृत्वाची निम्म्याहून अधिक वर्षं सोनवडे आणि आंजर्ले सरकारदरबारी एकाच जिल्ह्यातली गावं होती. एक त्या जिल्ह्याच्या तळाशी, दुसरं माथ्याशी.

देसाईंच्या लहानपणीचं संगीत म्हणजे कीर्तन आणि दशावतार. घरात आजोबांचं कीर्तन. बाहेर, भातकापणी उरकली की जत्रांचे दिवस, आणि जत्रेच्या रात्री देवळासमोर दशावतार. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, संवाद जागच्या जागी बोलले जातात आणि पदं म्हणणारा हरदास पेटी, मृदंग, झांज यांच्या साथीनं प्रसंग पुढे ढकलतो. युद्ध आलं की लय चढते, विलाप आला की उतरते. पुढे चित्रपटाला पार्श्वसंगीत देणाऱ्या माणसाला यापेक्षा चांगली शाळा कुठली मिळणार होती? उत्तरेकडे, दापोली-मंडणगडच्या बाजूला, हेच काम नमन-खेळे आणि जाखडी करतात. जाखडीत पायात चाळ बांधून गोल फेर धरलेला असतो, मध्ये ढोलकी आणि शाहीर. शाहीर ओळ टाकतो, फेर ती उचलतो. शक्तीवाले आणि तुरेवाले एकमेकांना कोड्यात पकडतात. शब्द नवे, ताजे, कधी बोचरे, पण चाल बहुतेक वेळा उसनी: कधी जुन्या गाण्याची, अलीकडे सर्रास हिंदी चित्रपटाची. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. चाल हे भांडं, पदार्थ आपला.

हा समज फक्त खेड्यातला नव्हता. संगीत नाटकांची जुनी छापील पुस्तकं उघडून पाहावीत. पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि तिसरा शब्द 'चाल' असतो, आणि त्यापुढे ज्या गाण्यावरून ती घेतली त्याचे पहिले शब्द. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं तेव्हा कीर्तनातल्या, लावणीच्या, कानडी अशा कितीतरी चाली त्यात आल्या. नाटककार स्वतःच चाली निवडायचा आणि त्यांच्या मापानं शब्द बेतायचा. १९११च्या 'मानापमान'ला खाडिलकरांच्या पदांसाठी गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या आणि चाल देणारा हा नाटककाराहून वेगळा, नावानिशी ओळखला जाणारा माणूस ठरला. टेंबे कोल्हापूरचे, पेटीवर विलक्षण हात, पूरबच्या ठुमरी-दादऱ्याचा कान. मराठीतला पहिला संगीत-दिग्दर्शक म्हणून त्यांचंच नाव घेतलं जातं.

याच टेंब्यांच्या आसपास वसंत देसाई वाढले.

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली आणि सोनवड्याचा हा मुलगा तिच्यात शिरला. काम कुठलं, याला उत्तर नव्हतं. पडेल ते. १९३०च्या 'खुनी खंजर' या मूकपटात तो पडद्यावर दिसला. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' बोलू लागला, तेव्हा संगीत टेंब्यांचं होतं, हरिश्चंद्राची भूमिकाही टेंब्यांची, आणि गाणाऱ्यांत वसंत देसाई होते. पुढे प्रभात पुण्याला गेली. टेंब्यांनंतर केशवराव भोळे आले, मग मास्तर कृष्णराव. तिघांचे तीन स्वभाव. टेंबे मैफिलीचे. भोळे नेमकेपणाचे, प्रसंगाला लागेल तेवढंच संगीत ठेवणारे. मास्तर कृष्णराव चालींचा धबधबा. या तिघांच्या हाताखाली पाणी भरणं म्हणजे काय, हे आज संगीत शिकवणाऱ्या कुठल्याच अभ्यासक्रमात बसणार नाही.

मास्तर कृष्णरावांचा इथे आणखी एका कारणासाठी उल्लेख करायला हवा. स्वातंत्र्याच्या सुमारास राष्ट्रगीताचा प्रश्न निघाला तेव्हा 'वंदे मातरम्' समूहाला गाता येत नाही, बँडवर वाजवता येत नाही, असा आक्षेप होता. मास्तरांनी झिंझोटीत त्याची सोपी, सरळ चाल बांधली, पोलीस बँडवर ती वाजवून घेतली आणि दिल्लीत जाऊन ऐकवली. निर्णय बदलला नाही. पण त्या खटपटीतून एक प्रश्न मराठी संगीतकारांसमोर स्वच्छ उभा राहिला. एकट्या गवयाला शोभणारी चाल वेगळी आणि हजार अप्रशिक्षित गळ्यांना झेपणारी चाल वेगळी. दुसरी बांधणं सोपं आहे असं ज्याला वाटतं त्यानं एकदा बांधून पाहावी.

१९४२ साली व्ही. शांताराम प्रभातमधून बाहेर पडले आणि परळला राजकमल कलामंदिर उभं राहिलं. तिथला पहिला चित्रपट 'शकुंतला', १९४३. संगीत वसंत देसाई. तो शंभराहून अधिक आठवडे चालला. मग 'डॉ. कोटनीस की अमर कहानी', मग १९४७चा 'लोकशाहीर राम जोशी'. जयराम शिलेदार, हंसा वाडकर, गदिमांची लेखणी. त्या यशामागोमाग मराठी पडद्यावर तमाशापटांची रांगच लागली.

१९५१ला 'अमर भूपाळी' आला. पेशवाईच्या उत्तरकाळातल्या होनाजी-बाळा या शाहीरजोडीची गोष्ट. होनाजी जातीनं गवळी, त्याच्या नावावर असलेली 'घनश्याम सुंदरा' ही भूपाळी चित्रपटाचा कणा. पंडितराव नगरकर आणि लता मंगेशकर यांचे आवाज. १९५२च्या कान महोत्सवात या चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणाचा गौरव झाला. भूपाळी हा पहाटे देवाला उठवण्याचा गीतप्रकार. भूप रागातच असली पाहिजे असं तिच्यावर बंधन नाही, हे जाता जाता सांगितलेलं बरं, कारण हा गोंधळ बऱ्याच जाणत्यांचाही होतो. देसाईंनी त्या भूपाळीला असा मोहरा दिला की पुढे आकाशवाणीच्या सकाळी तिच्याशिवाय पुऱ्या होईनात. कोकणातल्या माजघरांत दळण-कांडण, सडा-सारवण यांच्याबरोबर ती गुणगुणली जाऊ लागली. आणि मग जे व्हायचं तेच झालं. थोड्याच वर्षांत लोकांना ती होनाजीच्या काळापासून अशीच चालत आलेली वाटू लागली. संगीतकाराला याहून मोठी दाद नाही, आणि याहून पक्का विसरही नाही.

दोन वर्षांनी देसाईंचं संगीत थेट दापोली तालुक्यात पोहोचलं. आंजर्ल्याला लागून असलेल्या मुर्डीत जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे ज्या १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, त्याच वर्षीच्या २४ डिसेंबरला पालगडला पांडुरंग सदाशिव साने जन्मले. एकच तालुका, एकच वर्ष, आणि दोन टोकांची माणसं. एक गणिताचा आणि निखळ बुद्धिवादाचा, दुसरा अश्रूंचा. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' काही दिवसांत लिहून काढली. ११ जून १९५० रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला, म्हणून आचार्य अत्र्यांनी १९५३ साली पडद्यावर आणलेली श्यामची आई त्यांनी पाहिली नाही. वनमाला आई, माधव वझे श्याम. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक याच चित्रपटाला मिळालं.

या चित्रपटाचं संगीत करताना देसाईंपुढचा पेच साधा नव्हता. गोष्ट गरिबीची, कोकणातल्या खेड्यातली, घरगुती. राजकमलचा वाद्यमेळ तिथे नेला असता तर सगळं बुडालं असतं. त्यांनी तो नेला नाही. 'भरजरी गं पीतांबर' हे अत्र्यांचं गीत आशा भोसल्यांनी गायलं. द्रौपदीनं कृष्णाच्या बोटाला बांधायला आपल्या पीतांबराची चिंधी फाडून दिली, ही त्यातली गोष्ट. चालीचं वळण बायकांच्या गाण्यांचं, फुगडी-ओव्यांच्या शेजारचं. ऐकताना वाटतं की हे गाणं अत्र्यांनी लिहिलेलं नसून श्यामच्या आईनं आपल्या आईकडून ऐकलेलं असावं. आजही हळदीकुंकवाला कुणी ते म्हटलं तर चित्रपटातलं म्हणून म्हटलं जात नाही.

देसाईंचं भरजरी काम या काळात हिंदीत चाललं होतं. १९५५चा 'झनक झनक पायल बाजे', शीर्षकगीताला उस्ताद अमीर खाँ, पार्श्वसंगीतात एका तरुण शिवकुमार शर्मांचं संतूर. १९५९चा 'गूँज उठी शहनाई', त्यात बिस्मिल्ला खाँ. बड्या कलावंतांना चित्रपटात आणून त्यांचा मान ठेवणं हे देसाईंना साधे. पण खरं बोलायचं तर त्या भव्य नृत्यगीतांपैकी काही आज जड वाटतात, सगळं एकदम सांगायची घाई त्यांत आहे. टिकलं ते साधं.

'दो आँखें बारह हाथ'ची कथा गदिमांची. औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची भिंतींविना कैद्यांची वसाहत सुरू झाली होती. मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची कल्पना, औंधकर राजांचा पाठिंबा. गदिमा त्याच मुलखातले, माडगूळचे. चित्रपटात सहा खुनी आणि एक जेलर. त्या सहांच्या कानांवर जी प्रार्थना पडायला हवी ती गवयाची असून चालणार नव्हती. भैरवीच्या अंगानं जाणारी 'ऐ मालिक' पाहा. ओळी आखूड, प्रत्येक एका श्वासात मावणारी. स्वर पायरी-पायरीनं चढतात, लांब उडी नाही. मुक्कामाचा सूर वारंवार परत भेटतो, म्हणून वाट चुकलेल्याला पुन्हा रांगेत येता येतं. लय चालण्याची. मुरकी कुणाला घेता आली तर घ्यावी, नाही घेतली तरी अडत नाही. आंजर्ल्याच्या पटांगणात पट्टी चुकूनही प्रार्थना मोडत नाही ती या बांधणीमुळे. दशावताराच्या हरदासाला आणि जाखडीच्या शाहिराला हे गणित कुणी न शिकवता ठाऊक असतं. मागच्याला उचलता आलं नाही तर पुढच्याचं गाणं एकट्याचंच उरतं.

असं गाणं बांधणारे लोक जगात इतरत्रही होऊन गेले. देसाईंचा जवळजवळ समवयस्क असा एक संगीतकार बाल्टिक समुद्राकाठी होता. गुस्ताव एर्नेसाक्स, जन्म १२ डिसेंबर १९०८, एस्टोनियातल्या पेरिला गावी. देश केवढा? आजही लोकसंख्या तेरा-चौदा लाखांच्या घरात, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या लहान जिल्ह्याएवढी. शतकानुशतकं जमीनदार जर्मन, वर राजा रशियाचा. या लोकांनी १८६९ साली टार्टू गावी पहिला गीतमहोत्सव भरवला. पुढाकार पत्रकार योहान यान्सेनचा. आठशेहून अधिक गायक जमले, सगळे पुरुष. यान्सेनची मुलगी लिडिया कोइदुला कवयित्री होती, तिच्या मातृभूमीवरच्या कवितेला कुनिलेइड नावाच्या संगीतकारानं चाल दिली होती आणि ती तिथे गायली गेली. गीतमहोत्सवाची रीत पडली ती कायमची. आता साधारण दर पाच वर्षांनी टालिनमध्ये पंचवीस-तीस हजार गायक एका प्रचंड कमानीखाली उभे राहतात आणि समोरच्या उतारावर अर्धं राष्ट्र बसतं.

टिळकांनी गणेशोत्सव सार्वजनिक केल्यावर मेळ्यांतून जे घडलं त्याची इथे आठवण होते. सभा घ्यायला बंदी असू शकते, गाणं गायला जमलेल्यांचं काय करायचं हे सरकारला चटकन कळत नाही. एस्टोनियातल्या जुन्या लोकगीतांतही पुढे गाणारा एक आणि त्याची ओळ उचलणारा मेळा, अशीच रीत आहे. जाखडीवाल्यांना ती परकी वाटणार नाही. फरक आहे तो एवढाच की महोत्सवातलं त्यांचं समूहगान चर्चच्या वळणाचं, चार वेगवेगळ्या पट्ट्यांत वाटलेलं. एकाच वेळी चार निराळ्या सुरावटी चालतात आणि एकमेकींना धरून राहतात. आपले हजार लोक एकाच सुरावटीत गातात. आणि पट्टी झेपली नाही तर मागच्या रांगेतले मुलगे करतात ते.

दुसऱ्या महायुद्धात एर्नेसाक्स सोव्हिएत रशियात हलवले गेले. तिथे निर्वासित एस्टोनियन कलावंतांना जमवून त्यांनी पुरुषांचा गायकवृंद उभा केला, आणि १९४४ साली कोइदुलाच्या त्याच कवितेला नवी चाल दिली. १९४७च्या महोत्सवात ती गायली गेली. लोकांनी ती अशी काही उचलली की राज्यकर्ते सावध झाले आणि पुढच्या महोत्सवातून ती गाळली. १९६० साली कार्यक्रमपत्रिकेत नसताना गायकांनी ती सुरू केली. हजारो गळ्यांना थांबवायला कोण जाणार? गंमत अशी की सोव्हिएत एस्टोनियाच्या सरकारी गीताची चालही एर्नेसाक्सांचीच होती. एकाच माणसानं एक गीत सरकारला दिलं आणि एक लोकांना. सरकारी गीत सोव्हिएत राज्याबरोबर गेलं. दुसरं १९८८ साली, टालिनच्या मैदानात लाखो लोक जमून रात्र-रात्र गाऊ लागले तेव्हाही होतं, आणि १९९१ साली देश पुन्हा स्वतंत्र झाला तेव्हाही. १९९३च्या जानेवारीत एर्नेसाक्स गेले. २००४ साली त्याच मैदानाच्या उतारावर त्यांचा पुतळा बसवला. उभा नाही, बसलेला. समोरचं गाणं ऐकत असल्यासारखा.

वसंत देसाईंच्या वाट्याला असं मैदान आलं नाही. एक सभागृह मात्र आलं. २३ ऑक्टोबर १९६६, न्यूयॉर्क, संयुक्त राष्ट्रसंघाची आमसभा. एम. एस. सुब्बुलक्ष्मी गायल्या, आणि कार्यक्रमात एक संस्कृत रचना होती: 'मैत्रीं भजत'. कांचीच्या शंकराचार्य चंद्रशेखरेंद्र सरस्वतींनी खास या प्रसंगासाठी लिहिलेली, राष्ट्रांना युद्ध सोडायला सांगणारी. ती रागमालिकेत बांधली होती वसंत देसाईंनी. संहिता एका तमिळ मुलखातल्या संन्याशाची, गळा कर्नाटक संगीताचा, चाल सोनवड्याच्या माणसाची. दक्षिणेत आजही मैफिलीच्या शेवटी ही रचना गायली जाते. तिकडच्या रसिकांना तिचा कर्ता स्वामींच्या रूपानं आठवतो, गायिका तर आठवतेच. चालीखाली मराठी नाव आहे हे कळल्यावर बऱ्याच जणांच्या भुवया उंचावतात. आणि मराठी रसिकांना विचारावं तर त्यांना ही रचनाच माहीत नसते.

मराठी रंगभूमीवर देसाईंनी केलेलं काम हा वेगळा विषय. विद्याधर गोखल्यांचं 'पंडितराज जगन्नाथ' १९६० साली आलं आणि संगीत नाटक संपलं म्हणणाऱ्यांची काही काळ पंचाईत झाली. हिंदीत १९६८च्या 'आशीर्वाद'मध्ये हरींद्रनाथ चट्टोपाध्यायांचं आगगाडीचं गाणं अशोककुमारांनी म्हटलं. म्हटलं की बोललं, हे सांगणं अवघड. तिथे देसाईंनी चाल जवळजवळ काढूनच घेतली आणि फक्त गाडीची लय ठेवली.

मग 'गुड्डी'. चित्रपटाच्या सुरुवातीलाच शाळेचं पटांगण, प्रार्थनेच्या रांगा, आणि उशिरा आलेली जया भादुरी. म्हणजे 'ऐ मालिक' ही कैद्यांची प्रार्थना पटांगणात पोहोचली होती, तर ही जन्मालाच पटांगणात आली. हृषीकेश मुखर्जींच्या या चित्रपटात वाणी जयराम यांनी मियाँ मल्हारातलं 'बोले रे पपीहरा' गायलं आणि रसिकांनी ते डोक्यावर घेतलं. प्रार्थनेकडे तेव्हा तितकं लक्ष गेलं नाही. पण मल्हार गायला गळा तयार असावा लागतो आणि प्रार्थनेला फक्त वेळेवर शाळेत यावं लागतं, तेही गुड्डीला जमलं नव्हतं. शिक्षकांनी ती उचलली, मुलांनी घरी नेली. खालच्या इयत्तेतल्या मुलांनी वरच्या इयत्तेतल्यांकडून ऐकून पाठ केली. कॅसेट नाही, नोटेशन नाही, संगीतशिक्षक असलाच तर बऱ्याच शाळांना मिळून एक. आरती जशी पिढ्यान्‌पिढ्या उतरत आली तशीच ही उतरली, चित्रपट न पाहिलेल्या मुलांमध्ये, ज्या गावांत चित्रपटगृह नाही त्या गावांमध्ये.

२२ डिसेंबर १९७५, सोमवार. मुंबईत राहत्या इमारतीत लिफ्टच्या अपघातात वसंत देसाई गेले. वय ६३. संगीत दिलेला 'शक' हा चित्रपट त्यांच्या पश्चात लागला.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. सकाळी शाळा भरल्या, रांगा लागल्या, पुढच्या मुलीनं पट्टी धरली.